नव्या पंखाबद्दल तक्रार नाही

घरात सगळ्यांत आधी सून उठत असे. गॅसवर चहाचे आधण ठेवून ती स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडायची आणि पातेल्यावरची वाफ कोणत्या बाजूला झुकते ते पाहत उभी राहायची. त्याचा चहाशी काही संबंध नव्हता. ती शर्यतीच्या गाड्यांचे आकार आखणारी अभियंता होती आणि वारा दिसला की तिची नजर त्याच्यामागे जात असे. कारखान्यातले लोक तिला ‘हवामान खातं’ म्हणत, आणि त्या नावाने हाक मारली की ती ‘ओ’सुद्धा देत असे.

तोवर तिचा नवरा बोळात व्यायामाला लागलेला असे. तो त्याच कारखान्याची गाडी शर्यतीत चालवत असे. डोक्याला रबरी पट्टा बांधायचा, त्याचे दुसरे टोक न्हाणीघराच्या कडीला अडकवायचे आणि मान ताणत राहायची, असा तो व्यायाम होता. खांद्यावर टॉवेल टाकून सासूबाई दाराशी ताटकळत असत. वेगात वळताना मानेवर फार ताण येतो, म्हणून ती बळकट हवी, हे त्यांना पटले होते. त्यासाठी न्हाणीघराचेच दार का लागावे, हे मात्र पटले नव्हते.

मग तिघे चहाला बसत आणि नवऱ्याच्या तक्रारी सुरू होत. चहा फिका आहे, पाव एका कडेला करपला आहे, खुर्चीचा पाय डुगडुगतो आहे. त्याचा सूर इतका समाधानी असे की त्या तक्रारी कुणाला टोचत नसत.

शर्यतीच्या आदल्या दिवसाची सकाळही अशीच गेली. शर्यतीचा मार्ग गावाबाहेरच होता, त्यामुळे दोघे घरूनच गेली.

त्या दिवशी गाडीला तिने आखलेला नवा मागचा पंख प्रथमच बसवला होता. शर्यतीच्या गाडीचा पंख विमानाच्या उलट काम करतो. तो गाडीला उचलत नाही, जमिनीवर दाबून धरतो. हा दाब असला की गाडी वळणावर रस्ता सोडत नाही. पण दाब फुकट मिळत नाही, कारण तोच पंख वाऱ्याला अडवतो आणि सरळ रस्त्यावर गाडीला मागे ओढतो. दाब वाढवावा तर ओढ वाढते, ओढ कमी करावी तर दाब सुटतो. जुना पंख रुंद होता. दाब भरपूर, पण सरळ रस्त्यावर जो तो मागून येऊन पुढे जाई. मेकॅनिक मंडळींनी त्याचे नाव ‘फळी’ ठेवले होते. नवा पंख अरुंद आणि देखणा होता. समोरून वारा सोडून आकार तपासतात त्या हवेच्या बोगद्यात गाडीची छोटी प्रतिकृती ठेवून तिने वर्षभर त्याची वक्रता घासूनपुसून बसवली होती. ओढ निम्म्याहून कमी झाली होती आणि दाब जेमतेम घटला होता.

मालक त्या पंखावर खूश होते. शर्यत चांगली झाली तर पुढच्या हंगामाची गाडी बोनेटपासून शेपटीपर्यंत तिलाच आखायला देईन, असे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले होते. अर्थात मालकांची खुर्ची सरळ रस्त्यासमोरच्या गच्चीवर असे. शर्यतीत वळणे असतात हे ते ऐकून होते.

सकाळी एकट्याने फेऱ्या मारताना गाडी बाणासारखी गेली. वेळेच्या चाचणीत तिला दुसऱ्या रांगेतली जागा मिळाली. एवढ्या पुढे कारखान्याची गाडी कधीच उभी राहिली नव्हती. दुपारी सगळ्या गाड्या एकत्र सरावाला उतरल्या. परत आल्यावर नवऱ्याने शिरस्त्राण काढले आणि तो म्हणाला, “छान आहे. काही तक्रार नाही.”

मुख्य मेकॅनिकला सगळे मामा म्हणत, जरी ते तिथल्या कुणाचेच मामा नव्हते. बायकोच्या हातच्या वस्तूला नावे ठेवू नयेत एवढे तरी याला कळू लागले, संसार मार्गी लागला, असे ते म्हणाले. सगळे हसले. तीही हसली, पण संगणकासमोर बसल्यावर तिचे हसू ओसरले. लांब उजव्या वळणावर स्टिअरिंगची हालचाल दाखवणारी रेघ एकट्याच्या फेऱ्यांत गुळगुळीत होती. दुपारच्या फेऱ्यांत तीच रेघ करवतीच्या दात्यांसारखी झाली होती. जिथे जिथे दाते होते, तिथे पुढे दुसरी गाडी होती.

तिला उमगले, आणि उमगायला नको होते असेही क्षणभर वाटले. बोगद्यात तिची प्रतिकृती नेहमी एकटी उभी असे. समोरून येणारा वारा सरळ आणि स्वच्छ. शर्यतीत असा वारा फक्त पहिल्या गाडीच्या वाट्याला येतो. बाकीच्यांना पुढच्याने घुसळलेली हवा मिळते, आणि तिचा नाजूक पंख त्या हवेत अचानक दाब सोडत होता. फळीचाही दाब तिथे कमी होई, पण तिच्यापाशी तो मुळातच शिलकीत होता.

नियमाप्रमाणे सकाळच्या तपासणीपर्यंत पंख बदलता येत होता.

संध्याकाळी घरी सूप होते. आधी सासूबाईंनी त्यात मीठ घातले होते. मग सून आली, आणि सासूबाईंना विसर पडला असेल असे समजून तिनेही घातले. पहिल्याच घोटाला तिघांचे चेहरे पालटले. नवऱ्याने वाटी शांतपणे संपवली आणि छान झाले आहे असे सांगितले. सासूबाई सुनेकडे वळल्या.

“लहानपणापासून हा असाच. अंगात ताप असला की तेवढा वेळ शहाण्यासारखा वागायचा. हा छान म्हणाला की मी आधी कपाळाला हात लावून बघते.”

नवरा पाणी प्यायला उठला. ती त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेली.

“उजव्या वळणावर मागचं टोक काय म्हणतं?”

“काय म्हणणार? छान आहे.”

“सूपही छानच होतं.”

त्याने पेला ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ तो पुसत राहिला. एकटा असताना ती गाडी म्हणजे सुख आहे, असे तो म्हणाला. पुढे कुणी असले की मागची चाके कधी सुटतील ते कळत नाही. आज दोनदा सुटली. पण सरळ रस्त्यावर तिला कुणी गाठू शकत नाही, मालक तेवढेच पाहतात, आणि पुढच्या हंगामाची गाडी आखायला बायकोलाच मिळायला हवी.

“मी घेईन सांभाळून,” तो म्हणाला.

“घरी मला सांभाळून घेतोस ना? तेवढं पुरे. गाडीतही तेच करत बसलास तर चालवशील कधी?”

तो हसला. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग दिवा मालवला.

सकाळी ती चहा न घेताच निघाली. मामा आधीच आले होते. आपल्याला काय करायचे आहे ते तिने त्यांना सांगितले. मामांना थट्टा सुचली असावी, पण त्यांनी ती गिळली आणि पाना पुढे केला. दोघांनी अरुंद पंख उतरवला. तिने तो मऊ कापडात गुंडाळून मांडणीवर वरच्या कप्प्यात ठेवला, आणि फळी बसवून तिचे बोल्ट स्वतः आवळले.

मालकांना तिने गच्चीवर जाऊन सांगितले. आजचा पंख जुना आहे, नवा गर्दीत चालेल इतका अजून मी घडवलेला नाही, आणि गाडीत बसणारा माझा नवरा नसता तरी मी हेच केले असते. मालकांनी सरळ रस्त्याकडे पाहिले. मग पुढच्या गाडीचे बघू, असे म्हणाले, आणि त्या बघूमध्ये फारसे काही उरले नव्हते.

ती खाली आली तेव्हा नवरा गाडीत बसला होता. फळी त्याने पाहिली होती. पट्टा खांद्याला काचतो, आरसा हलतो, उजवा हातमोजा कुणी आकसवला, आणि सरळ रस्त्यावर आज बैलगाड्याही आपल्या पुढे जातील, असे तो मामांना एका दमात ऐकवत होता. मामा हातमोजा सैल करत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

गच्चीवर मालकांच्या शेजारी तिच्यासाठी खुर्ची राखलेली होती. ती तिकडे गेली नाही. कानावर आवाजरोधक लावून ती कुंपणाच्या कडेने चालत लांब उजव्या वळणापाशी गेली आणि तिथे उभी राहिली.