शेवटच्या फेरीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. उमरगा तालुक्यातल्या एका गावात, गावतळ्याच्या काठी, महादेवाच्या देवळासमोरच्या चिंचेला मी टांगलेली असते. माझ्या अंगावर एक चाक कोरलेलं आहे आणि त्या चाकाला दोन पंख आहेत. गावानं वर्षानुवर्षं त्याला देवाचं चक्र समजून हळदकुंकू वाहिलं. ते चक्र नव्हे, मोटारीचं चाक आहे, हे मला सांगता आलं असतं, पण दोरी ओढल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही. आणि गेल्या वर्षी तर मला भट्टीत घालून वितळवायचं ठरलं होतं. त्यातून मी कशी वाचले ते सांगते, पण त्यासाठी जन्मापासून सुरुवात करायला हवी.

माझा जन्म फ्रान्समधला. ओर्विये नावाचं एक गाव होतं. नकाशात शोधू नका, एवढं ते मोठं नव्हतंच. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, घराघरातला कोणी ना कोणी गेला होता, आणि गावाला हसायची सवयच राहिली नव्हती. तेव्हा तिथल्या लोकांनी ठरवलं, आपण मोटारींची शर्यत भरवू. ओर्विये आणि शेजारची दोन खेडी जोडणारे तीन रस्ते होते. त्या तिकोनी रस्त्यावर मोटारींनी ठरलेल्या फेऱ्या मारायच्या. मोठमोठ्या शहरांत बड्या शर्यती होतच असत. ही आपली पंचक्रोशीची शर्यत. लोक तिला नुसतं ‘फेरी’ म्हणत.

पहिल्या वर्षी मी नव्हते, म्हणून घोटाळा झाला. फेऱ्या किती झाल्या ते गाडी हाकणाऱ्यांना कळेना. पांढऱ्या धुळीत झेंडा कोणाला दिसतो! गावचा औषधवाला पहिला आला, पण आपण जिंकलो हे त्याला कळलंच नाही. तो आपला पुढे जातच राहिला. इकडे बँड वाजतोय, हार घेऊन माणसं उभी, आणि नवरदेवाचा पत्ता नाही. शेवटी पेट्रोल संपलं आणि स्वारी गवताच्या गाडीत बसून परत आली.

तेव्हा ठरलं की शेवटची फेरी सुरू झाली की एक घंटा वाजवायची. युद्धात उडालेल्या तोफगोळ्यांची रिकामी पितळी टरफलं शेतात नांगराला लागत. ती गोळा करून त्यांच्यात थोडं तांबं-कथील घातलं आणि माझा जन्म झाला. म्हणजे एकदा मी वितळले आहे. पण तेव्हा मागचं सगळं लढाईचं, विसरण्यासारखंच होतं, म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

बातिस्त नावाचा पाववाला मला वाजवायचा. भट्टीतले पाव मोजून मोजून त्याचा हिशोब पक्का झाला होता, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं. वर्षभर मी त्याच्या दुकानात पिठाच्या पोत्यांशेजारी बसून असे, आणि शर्यतीच्या दिवशी एकदाच वाजे. पण तेव्हा जी गंमत यायची! सकाळपासून बायका कोंबड्या घरात कोंडत, म्हातारे खुर्च्या घेऊन कुंपणाशी बसत. कोपऱ्यावर गवताचे भारे रचलेले असत, कारण एका वर्षी एक गाडी थेट न्हाव्याच्या दुकानात घुसली होती आणि आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं होतं. मग धुळीचा लोट दिसे आणि बातिस्त माझी दोरी धरे. मी वाजले की सगळे उठून उभे राहत, टोप्या हवेत उडत, आणि गाड्या होता नव्हता तो जोर काढत. द्राक्षमळेवाल्याची लेक सोलांज एकदा माझा आवाज ऐकूनच अशी सुटली की तीन गाड्यांना मागे टाकून पहिली आली. तिच्या चेहऱ्यावर चष्म्याची जागा सोडून सगळीकडे धूळ होती. त्या दिवशी मी अजून थोडी वाजले असते, कोणी थांबवलं नसतं तर.

पुढे कारखान्यांच्या भारी गाड्या आल्या. त्यांच्याबरोबर कामगार, तंबू आणि गर्दी आली. मग मंदी आली आणि ते सगळे निघूनही गेले. पुन्हा औषधवाला, खाटीक, मास्तर असे घरचेच लोक उरले. माझं विचाराल तर मला तेच बरे वाटत. पण दरवर्षी गाड्या कमी होत गेल्या आणि माणसं वर्तमानपत्रातल्या लढाईच्या बातम्यांवर जास्त बोलू लागली.

अशा एका वर्षी आपल्याकडचा एक माणूस तिथे आला. माणिकप्पा त्याचं नाव. निजामाच्या राज्यातल्या एका जहागीरदाराची मोटार तो चालवायचा. जहागीरदारसाहेबांचे गुडघे धरले होते, म्हणून ते फ्रान्समधल्या औषधी पाण्याच्या झऱ्यावर आले होते. त्यांना शर्यत बघायची हौस, म्हणून माणिकप्पाही कुंपणाशी येऊन उभा राहिला.

शर्यत ऐन रंगात आली असताना एक थोराड पांढरा बैल कुंपण मोडून रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. लोकांनी छत्र्या हलवल्या, आरडाओरडा केला, आणि त्यामुळे तो जास्तच बिथरला. लांबून गाड्यांचा आवाज येत होता. माणिकप्पानं डोक्याचा फेटा काढून काखेत धरला, सावकाश पुढे गेला आणि म्हणाला, “बा रे राजा, बा.” कानडीत ‘बा’ म्हणजे ये. त्या बैलानं जन्मात कानडी ऐकलं नव्हतं. पण माणिकप्पानं त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवायला सुरुवात केली, आणि ती भाषा सगळ्या देशांतल्या बैलांना येते. मान वर करून, डोळे मिटून बैल त्याच्या मागे शेतात चालता झाला. पाठोपाठ गाड्या सूं करून गेल्या.

त्या संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत गावच्या प्रमुखानं सांगितलं की ही शेवटचीच फेरी, आता पैसेही नाहीत आणि दिवसही बरे नाहीत. बातिस्त उठला, मला काढून माणिकप्पाच्या हातात दिलं आणि खाणाखुणा करून विचारलं, तुमच्याकडे शर्यती होतात का? माणिकप्पानं होकाराची मान हलवली. बातिस्तनं माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि तोंड वळवलं. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

बोट, आगगाडी आणि बैलगाडी असा प्रवास करून मी या गावात आले. माणिकप्पाच्या मनात मला बैलांच्या शर्यतीत लावायचं होतं. पण त्याच्या आईनं मला पाहिलं आणि पदर सावरून नमस्कार केला. “घंटा हाय नव्हं? मग देवाला वाहायची. शर्यतीत कुनी घंटा वाजवतंय व्हय?” आईपुढे माणिकप्पाचं काही चाललं नाही. आपल्याकडे घंटा म्हटली की ती देवाचीच. त्या माउलीची काही चूक नव्हती.

आणि मित्रांनो, देवळात मी सुखात होते. तिकडे वर्षातून एकदा वाजायचे, इथे उठल्यापासून निजेपर्यंत. परीक्षेला जाणारी पोरं, नवी नवरी, म्हैस व्यायली म्हणून पेढे घेऊन येणारा, सगळे मला हात लावून आत जात. माणिकप्पा म्हातारा झाला तरी पायरीवर बसून सांगायचा, ही शर्यतीची घंटा, शेवटच्या फेरीला वाजवायची. लोक हसत. त्याची लेक तारामती तेवढी त्याच्या मांडीला टेकून सगळं ऐकून घेई. तिचं सासरही गावातच, त्यामुळे आमची ताटातूट कधी झाली नाही.

पुढे देवळात विजेवर चालणारं यंत्र आलं. बटण दाबलं की नगारा आणि घंटा आपोआप बडवल्या जातात. मला काढून देवळाच्या कोठीत ठेवलं. दोन वर्षं मी सतरंज्यांच्या ढिगाखाली पडून होते. कोळ्यानं माझ्या पोटात संसार थाटला. मग देवस्थानच्या पंचांनी ठरवलं, जत्रा झाली की जुनी घंटा मोडीत द्यायची आणि तिचा धातू घालून नवी मोठी घंटा ओतून आणायची.

तारामती आता सत्तरी ओलांडलेली. ती काठी टेकत देवळात आली. पंचांचा मुख्य शिवप्रसाद, तिचाच भाचा. माणूस वाईट नाही.

“आत्या, मोडीत म्हंजे कचऱ्यात न्हाय,” तो म्हणाला. “त्योच धातू नव्या घंटेत जानार. देवाचं देवालाच.”

“आरं, पन ती देवाची हाय कुठं? शर्यतीची हाय ती. आप्पांनी जल्मभर सांगितलं.”

“आप्पा लई काय काय सांगायचे. म्हनं फ्रान्सच्या बैलाला कानडीत बोलावलं.”

सगळे हसले. तारामती हसली नाही. “माझा बाप थापाड्या न्हवता,” एवढंच म्हणून ती पायरीवर बसून राहिली. मी कोठीतून ऐकत होते. मला वितळायची भीती वाटली, पण त्याहून जास्त तिचं वाईट वाटलं. मी गेले की तिच्या बापाच्या शब्दाला साक्षीदार उरणार नव्हता.

चैत्रात जत्रा भरली. जत्रेत मुलींची पळण्याची शर्यत असते, गावतळ्याला चार फेऱ्या. आदल्या वर्षी त्यात मोठं भांडण झालं होतं. निकिता म्हणाली माझ्या चार झाल्या, तारामतीची नात समृद्धी म्हणाली तीनच झाल्या, निम्म्या मुली थांबल्या, निम्म्या पळत राहिल्या आणि दोन्हीकडच्या मावश्या एकमेकींवर धावून गेल्या. बक्षिसाची पितळी घागर तशीच कपाटात परत गेली. मला औषधवाला आठवला.

म्हणून या वेळी शाळेचे कुमार सर म्हणाले, लाउडस्पीकरवर फेरी सांगू. शर्यतीच्या तोंडावर लाईट गेली. सरांनी शिट्टी फुंकून पाहिली, तर जत्रेतल्या प्रत्येक पोराच्या तोंडात पिपाणी. सरांची शिट्टी त्यात कुठल्या कुठे गेली.

“सर, घंटा लावा,” तारामती म्हणाली. “शेवटची फेरी सुरू झाली की वाजवायची. तिकडं हीच रीत हुती.”

शिवप्रसादनं खांदे उडवले. “लावा. तेवढंच आत्याच्या मनासारखं हुईल. उद्या तर जायचीच हाय.”

दोघांनी मला उचलून आणलं आणि चिंचेच्या फांदीला बांधलं. दोरी तारामतीनं स्वतः धरली. दोन वर्षांत मी तोंड उघडलं नव्हतं. आवाज बसला असेल का, याच धाकात मी होते. मुली सुटल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरीही संपत आली. पुढे निकिता, तिच्या खांद्याला खांदा लावून समृद्धी, मागे बाकीच्या. चिंचेजवळ आल्या तशी तारामतीनं दोरी ओढली.

मी वाजले. तळ्याच्या त्या काठापर्यंत ऐकू जाईल अशी वाजले. आणि पुढे काय झालं माहीत आहे? निकिता जागच्या जागी थांबली, डोळे मिटले आणि हात जोडले. समृद्धीनंही जोडले. मागून आलेल्या सगळ्या मुली थांबून हात जोडून उभ्या. काठावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, जिलेबीवाल्यानं झारा खाली ठेवून कपाळाला हात लावला. अख्ख्या जत्रेच्या पिपाण्या बंद.

“आगं बायांनो, नमस्कार काय करताय,” तारामती ओरडली, “पळा की! शेवटची फेरी हाय!”

मुलींनी डोळे उघडले, एकमेकींकडे पाहिलं, खुदकन हसल्या आणि अशा सुटल्या की मला धुळीच्या लोटात सोलांजच दिसली. निकिता पहिली आली, समृद्धी तिच्या मागे हातभर. कोणी म्हणालं नाही की फेरी कमी झाली. निकिता घागर घेऊन आधी समृद्धीच्या गळ्यात पडली आणि मग मावश्यांनाही भांडायला कारण राहिलं नाही.

गर्दी पांगल्यावर शिवप्रसाद माझ्याजवळ आला. इतक्या वर्षांत माझ्याकडे नीट कोणी पाहिलंच नव्हतं, पाहत होते ते डोळे मिटून. त्यानं गमछ्यानं कुंकवाचा थर पुसला. खाली आरे होते, टायरच्या खाचा होत्या. त्यानं त्यांवरून बोट फिरवलं.

“आत्या, ह्ये तर मोटारीचं चाक हाय.”

“मग म्या इतकी वर्सं काय सांगतेय?”

“म्हंजे बैलाचंबी खरं?”

“त्ये बैलाला इचार,” तारामती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसता हसता तिचे डोळे भरून आले. शिवप्रसाद तिच्या पाया पडला. मला मोडीत द्यायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

तेव्हापासून मी या चिंचेलाच आहे. कुमार सरांनी फोनवर शोधून पाहिलं. ओर्वियेची फेरी पुन्हा कधी भरली नाही. त्यांचे रस्ते आहेत, शेतं आहेत, फक्त शर्यत नाही. पण माझी फेरी इथे चालू आहे. शाळेतली मुलं रोज तळ्याला पळतात आणि शेवटच्या फेरीला मी वाजते. दोरी बहुतेक वेळा तारामतीच्याच हातात असते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, पावसात झाका, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं असं, की तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी एखाद्या वस्तूची गोष्ट सांगितली, तर हसण्याआधी त्या वस्तूवरची धूळ एकदा पुसून बघा. ती माणसं आहेत तोवर बघा.

आणि हो, सगळ्यांना ठाऊक आहे की मी शर्यतीची. तरी मी वाजले की मुलींचा एक हात पळता पळता छातीशी जातोच. तिकडे टोप्या उडवायचे, इथे हात जोडतात आणि मग जीव तोडून पळतात. मला दोन्ही कळतं. दोन गावांची मी लेक आहे.