बदरुन्निसाचा खट्टा

केदारखेड्याचा रखमाजी दरसाल कापसाची गाडी घेऊन जालन्याला जाई, आणि परत आला की महिनाभर एका कचुंबरीचं कौतुक सांगे.

स्टेशनाजवळ फकरोद्दीनचं हॉटेल होतं. नाटकमंडळी जालन्यात उतरली की नामांकित नट-नटी तिथंच जेवत. त्यांना जवळून पाहायला मिळावं म्हणून रखमाजीही, गावात कुणाला न सांगता, तिथंच जेवे. बायकोला, चतुराबाईला, मात्र सगळं सांगे. कोवळी काकडी, मुळा, कांदा बारीक चिरलेला, आणि वरून पिवळसर, आंबट, नाकात झणका जाणारा खट्टा. हा खट्टा फकरोद्दीनची बायको बदरुन्निसा करी.

चतुराबाईनं कैरी घालून पाहिली, चिंच घालून पाहिली, दही घालून पाहिलं.

"चांगलं झालंय," रखमाजी म्हणे, "पण बदरुन्निसाच्या हाताची बातच अलग."

"तुमी पाह्यलंय का तिला?"

"कुठं? ती पडद्याआड."

न पाहिलेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या तोंडात इतकं गोड व्हावं, हे चतुराबाईला सोसेना. तिनं मनातच ती बाई घडवली होती. गोरी, लांब बोटांची, हसरी. चतुराबाई पाट्यावर बसली की ती समोर येई आणि वरवंटा जोरात फिरे.

पुढं जालन्यात सिनेमा आला, नाटकं कमी झाली. फकरोद्दीन वारला, हॉटेल मोडलं, त्या जागेत सरकीची पोती लागली. ही बातमी घेऊन रखमाजी घरी आला तो पडलेल्या तोंडानं. चतुराबाईनं त्या दिवशी पुरण घातलं. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "सहजच."

पण हॉटेल गेल्यावर रखमाजीच्या बोलण्यात ती कचुंबर आणखीच वाढली. आता तर तिची बरोबरीही कुणाला करता येणार नव्हती.

दोन वर्षांनी बहिणीच्या लेकीच्या बारशाला चतुराबाई जालन्याला गेली. बहीण पुष्पाबाई बदरुन्निसाला ओळखत होती. मागच्याच गल्लीत राहत होती ती. दुपारी चतुराबाई एकटीच तिच्या दारात उभी राहिली.

एक ठेंगणी, दम लागणारी म्हातारी बाहेर आली. बोटं हळदीनं पिवळी, नखं झिजलेली.

"केदारखेड्याचे रखमाजी तुमच्या हॉटेलात जेवायचे," चतुराबाई म्हणाली. "मी त्यांची मालकीण."

"कौन की, अम्मा. मैं पडदे के पीछे. किसका मूं देखी मैं?" म्हातारी हसली. "बैठो. खट्टा सीखना क्या?"

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. राई भिजवून वाटली, थोड्या पाण्यात हातानं फेसत राहिली. झणका नाकात चढला तेव्हा लिंबू पिळलं, गूळ, मीठ आणि वरून करडईचं कच्चं तेल. "राई खूब फेटना. जल्दी नक्को करो." निघताना तिनं चतुराबाईच्या पदरात मूठभर राई बांधली. तिनं काही लपवलं असतं तर चतुराबाईला बरं वाटलं असतं.

घरी येऊन चतुराबाईनं तसंच केलं. रखमाजीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"हेच! बिलकुल हेच!"

मग तो बोलतच सुटला. कोणता नट कुठं बसे, कोणत्या नटीनं दोनदा मागून घेतलं, फकरोद्दीन दारातून कसा हाक मारी. हसला, गाण्याची एक ओळही गुणगुणला. वाडगं रिकामं झालं तरी त्याचं बोट आत फिरत होतं. चतुराबाई समोर बसली होती. तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. कसं जमलं, हेही विचारलं नाही. तो तिच्या चुलीपुढं बसून स्टेशनाजवळ जेवत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा मागितलं.

"आता न्हाई जमायचं," ती म्हणाली. "काल कसं जमलं, मलाच ठाव न्हाई."

रखमाजीला ते खरं वाटलं. उरलेली राई तिनं परसात कोंबड्यांपुढं टाकली.

दिवाळीला पुष्पाबाई भेटायला आली. म्हणाली, "ती म्हातारी सारखी विचारून राह्यलीय. तुझ्या मालकाला आवडलं का म्हणून. लई आजारी हाय बिचारी."

चतुराबाई चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली.

"न्हाई आवडलं म्हणावं," ती म्हणाली.

बहीण गेल्यावर दोनदा तिला वाटलं, मागं पळत जाऊन खरं सांगावं. तिची बैलगाडी पांदीच्या वाटेच्या वळणापर्यंत दिसत होती. ती दारातून हलली नाही.