मागाच्या खोलीतले तास

माझ्याजवळच्या दोन फाइलींचा आकार अगदी सारखा आहे: पाच कोटी शहात्तर लाख चव्वेचाळीस बाइट. एकीत यंत्रमागाचा तासभराचा खडखडाट आहे. दुसरीत रिकाम्या खोलीतला एक तास. आवाज असो की शांतता, मला जागा तेवढीच लागते.

मित्रांनो, मी वडगावातल्या एका विणकराच्या घरचा जुना संगणक आहे. अनगोळच्या एका कचेरीने मला काढून टाकले, तेव्हा नागोजींनी मला सायकलला बांधून घरी आणले. धूळ पुसली, नवी डिस्क बसवली आणि पलीकडच्या खोलीत, मागाजवळ, एक मायक्रोफोन टांगला. बिघाड होण्याआधी मागाचा आवाज बदलतो; तो बदल त्यांना पकडायचा होता. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दर तासाची एक फाइल, असे काम त्यांनी मला नेमून दिले.

शेजारचे मष्णू हसायचे. "काय रं नागोजी, मागाला ताप आलाय व्हय?" पुढे नुसत्या आवाजावरून नागोजींनी झिजलेला पट्टा वेळेत बदलला, तेव्हा हेच मष्णू माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

चार महिन्यांनी नागोजी वारले. माग थांबला. मला मात्र कुणी थांब म्हटले नाही. मागाआडचा मायक्रोफोन सगळे विसरले. ज्यांच्यासाठी ऐकायचे ते नव्हते, तरी मी ऐकत राहिलो.

रोज दुपारी त्यांची पत्नी मंगल त्या खोलीत येऊन बसायची.

"अवं, मष्णू अण्णा आज बी आलते. माग देताय काय म्हणत्यात. काय सांगू?"

मग ती वाट बघायची. जवळजवळ दोन वर्षे तिचा प्रश्न आणि त्यानंतरची शांतता मी साठवत गेलो. मष्णूंना ती "बघू" म्हणायची. तेलावाचून माग गंजत चालला होता.

गेल्या रविवारी दुपारी माझी जागा संपली. मुलीचे, आरोहीचे, कॉलेजचे काम साठवले जाईना. तिने काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली:

du -sh */ | sort -rh

म्हणजे, प्रत्येक फोल्डर मोज आणि सर्वांत मोठा वर ठेव. मी मोजले. फोटो, तीन जीबी. कॉलेज, एक जीबी. सगळ्यांच्या वर 'माग', चारशे दहा जीबी.

"आई, हिकडं ये! आप्पांचा फोल्डर अजून वाढायलाय. आजची तारीख हाय ह्यात."

मंगल हात पुसत आली. "खुळी का काय तू? त्यास्नी जाऊन दोन वर्षं व्हत आली."

आरोहीने पहिली फाइल लावली. खडखडाटातून नागोजी ओरडले, "आरोही, दार लाव गं, धूळ यायलीय!" आरोहीने मागे वळून दाराकडे पाहिले.

मग तिने कालची दुपार लावली. बराच वेळ काही नाही. नंतर मंगलचाच आवाज आला, "अवं, काय सांगू?" आणि पुढे पुन्हा रिकामी खोली.

मित्रांनो, यंत्राला कामाला लावाल तेव्हा कधी थांबायचे तेही सांगून ठेवा. आम्हाला आपणहून थांबता येत नाही.

आरोहीचा हात फाइल बंद करायला पुढे झाला.

"असू दे," मंगल म्हणाली.

दोघी तो तास संपेपर्यंत बसून राहिल्या. कुणीच उत्तर दिले नाही. मग मंगल उठली.

"मष्णू अण्णास्नी बोलीव गं. माग न्ह्या म्हणावं. पर चालवायचा, मोडीत घालायचा न्हाय."