खांद्यावरचं फडकं

माझी सून उंदरांच्या पिल्लांची परीक्षा घेते. हसू नका, पगार मिळतो त्याचा. गाभण उंदरीला एक औषध पाजायचं आणि त्यानं पिल्लांच्या मेंदूला काही झालंय का ते बघायचं. डोळेही न उघडलेलं गुलाबी पिल्लू ट्रेच्या मधोमध ठेवतात. एका कडेला आईच्या घरट्यातला भुसा, दुसऱ्या कडेला कोरा. धडधाकट पिल्लू वासावर आईकडे सरकतं. ती पिल्लं रडतातही म्हणे, पण आपल्या कानांना ऐकू येत नाही, यंत्रालाच येतं. हे कळल्यापासून दुपारच्या शांततेवरचा माझा भरवसाच उडालाय. पडदा हलला तरी वाटतं, कुणीतरी अगदी बारीक आवाजात आईला हाक मारतंय.

त्या दुपारी डुलकीतून उठले, तर सून जमिनीवर बसलेली. पुढ्यात चादरीवर माझा नातू ढब्बू पालथा, उन्हाच्या पट्ट्यात पोहल्यासारखे हातपाय मारत होता. नुकताच सरकायला शिकलाय. एका बाजूला तिची ओढणी, दुसऱ्या बाजूला पांढरं फडकं.

"हे काय मांडलंयस?"

"आई, जरा गप्प बसा ना."

मला गप्प बस म्हणाली! पण तिचा आवाज ऐकून बसले.

ढब्बूनं नाक फेंदारलं आणि निघाला फडक्याकडे. त्यात तोंड खुपसून खिदळायला लागला.

सून पांढरीफटक. "दिवस गेलेत हे कळायच्या आधी मी तेच औषध हाताळत होते, आई. याला माझा वासच कळत नाही."

"शहाणे, फडकं कुठून काढलंस?"

"कपाटातून. स्वच्छ, घडीचं."

"स्वच्छ कसलं! माझ्या खांद्यावरचं ते. तू कामावर गेलीस की हा त्यावर लाळ गाळत झोपतो. तू धुवायला टाकतेस म्हणून घडी घालून कपाटात लपवून ठेवते."

तिनं फडकं हुंगलं. हसता हसता रडली. "म्हणजे कळतो त्याला वास."

"कळणारच. नाक माझ्यावर गेलंय."

"पण माझ्याकडे नाही आला."

जिंकल्याचा आनंद मला झाला. घटकाभर टिकला.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर तिची ओढणी खांद्यावर टाकून मी ढब्बूला निजवलं. पडदा हलत होता. त्यानं ओढणीचं टोक मुठीत धरलं, झोपेतच ओठ हलवले. ऐकू काही आलं नाही, पण हाक कुणाला होती ते कळलं.

संध्याकाळी सून सगळं घर धुंडाळत होती. "आई, माझी ओढणी पाहिलीत?"

"धुवायला टाकली असशील," म्हटलं. "सवय आहे तुला."