नात्याचा रकाना

मी लहान मुलांची लघवी जपून ठेवते. काय करता म्हणून कुणी विचारलं की हल्ली मी सरळ एवढंच सांगते, कारण कितीही समजावून सांगितलं तरी समोरच्याच्या डोक्यात शेवटी तेवढंच उरतं. आई अजून फोनवर म्हणते, "एवढी शिकलीस ती बाटल्या धरायला?"

काम असं आहे. मूत्रपिंडाच्या एका आजारात मुलं सुजतात. सकाळी डोळे उघडत नाहीत, चपला पायात जात नाहीत. औषध एकच, आणि बहुतेकांना ते लागू पडतं. ज्यांना पडत नाही त्यांचं कळायला काही आठवडे जातात, आणि तोवर ते औषध पोराची झोप, हाडं, वाढ सगळ्याच्या मुळावर येतं. पहिल्या दिवशीच्या लघवीतच याचा माग लागेल का, हे मी शोधतेय. एकशे सेहेचाळीस मुलांचे नमुने फ्रीजरच्या तिसऱ्या कप्प्यात आहेत. सकाळी वॉर्ड, दुपारी ओपीडी, आणि संशोधनाच्या वाट्याला उरलीसुरली मी.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांनी मला बोलावून चहा पाजला. मोठे सर चहा पाजतात तेव्हा पुढे काहीतरी वाईट असतं.

"यंदा निधी आला तर कप्पा तुझा," ते म्हणाले. "नाही आला तर रिकामा करावा लागेल. मागे रांग लागलीय."

रिकामा म्हणजे नमुने फेकून द्यायचे. आणि निधी एकच होता, नवोदित डॉक्टर संशोधकांसाठीचा. पदवीला आठ वर्षं व्हायच्या आत अर्ज करायचा, आणि मला सात वर्षं अकरा महिने झाले होते. पुढच्या वर्षी मी नवोदित राहणार नव्हते. अनुभवी माणसांसाठीही निधी असतात, पण ते मिळायला आधी नवोदितांचा मिळालेला असावा लागतो. हे कुणी ठरवलं ते मला भेटायचं आहे.

अर्ज एकेचाळीस पानांचा. चाळीस पानं मी रेटून नेली. एकेचाळिसाव्या पानावर अडले. संशोधनाचा सारांश साध्या भाषेत लिहायचा, तो एका सामान्य वाचकाकडून वाचून घ्यायचा, आणि त्या वाचकाने स्वतःच्या हाताने शेरा लिहून सही करायची. खाली बारीक अक्षरात अट होती: वाचक वैद्यकीय क्षेत्रातला नसावा, तसेच अर्जदाराचा नातेवाईक, मित्र किंवा मैत्रीण नसावी.

मला हसू आलं. मित्र नकोत, ही अट माझ्याइतकी सहज कोण पुरी करणार!

मग मी फोनमधली नावं चाळायला घेतली आणि हसू जिरलं. ब्लड बँक. लॅब नवीन. लॅब जुनी. चौथा मजला सिस्टर. फ्रीजर दुरुस्ती. पाच नंबर खाटेची आई. गॅस. शाळेतल्या मैत्रिणी अटीत बसत नव्हत्या, आणि बसल्या असत्या तरी सहा वर्षांनी फोन करून "जरा माझा सारांश वाचतेस का" म्हणायला तोंड कुठलं आणू? एकाशी कधीकाळी लग्न ठरत होतं. त्याचा नंबर होता, पण तो आता दुसऱ्याच कुणाचा तरी असावा. दवाखान्याबाहेरचं, मला ओळखणारं एक माणूस हवं होतं, आणि दोनशे ऐंशी नावांत ते सापडत नव्हतं. मला फार एकटं वाटलं. ते नवीन नव्हतं. पण अर्जात ते विचारलं गेलं होतं, हे नवीन होतं.

मंगळवारी सकाळी ॲप्रन घ्यायला खाली उतरले आणि लाँड्रीवाल्या मावशी समोर दिसल्या.

मावशींचं दुकान आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. एक काउंटर, मागे वाफेची इस्त्री, वर टांगलेल्या कपड्यांची रांग. चार वर्षं माझे ॲप्रन त्यांच्याकडेच. गिऱ्हाइकाला पावती दिल्याशिवाय त्या हातरुमालसुद्धा ठेवून घेत नाहीत. मला मात्र कधी दिली नाही. "तुझी कसली पावती? बेटाडीनचे डाग बघितले की कळतंच," म्हणायच्या.

मी चाचरत विचारलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि काउंटरवरच वाचायला घेतलं. बोट ओळीखालून सरकत होतं.

"प्रतिसाद म्हणजे?"

"म्हणजे औषधाचा परिणाम होतो की नाही ते."

"मग पोराला औषध लागू पडतं की नाही, असं लिही ना. आणि हे 'पूर्वानुमान' कशाला? आधी कळेल म्हण. उगाच जड जड."

मी चिडले. त्या 'पूर्वानुमाना'वर माझे दोन दिवस गेले होते. पण त्या सोडायला तयार नव्हत्या. एक शर्ट न्यायला आलेला माणूस पाच मिनिटं ताटकळला. "थांबा हो जरा," मावशी त्याला म्हणाल्या, "आम्ही महत्त्वाच्या कामात आहोत."

तीन दिवस हे चाललं. मी रोज सकाळी बदललेला कागद घेऊन जायची, त्या रोज नवं काहीतरी काढायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काउंटरच्या आत घेतलं आणि स्टूल दिलं. बोलता बोलता त्यांनी ड्रॉवरमधून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत माझी पेनं, दोन थर्मामीटरची टोपणं, मुलांची वजनं लिहिलेल्या चिठ्ठ्या.

"तुझ्या खिशातलं. मागशील म्हणून ठेवलं, तर कधी मागत नाहीस. आणि नुसती बिस्किटांची वेष्टनं निघतात. जेवतेस कधी?"

मग एक ॲप्रन उलटा करून त्यांनी खिसा दाखवला. आत कापडाची बोटभर पट्टी शिवलेली होती. "वाकलीस की टॉर्च पडते ना तुझी? काच फुटलेली बघितली होती मी. पहिल्या वर्षीच शिवली तुझ्या सगळ्या ॲप्रनना."

टॉर्च पडायची बंद झाली होती, हे खरं. मला वाटलं होतं, मीच नीट वागायला शिकले.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. दुपारी बाराला मावशींनी पान भरून, सही करून, पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. "आत काय लिहिलंय ते आता बघू नकोस, लाजल्यासारखं होतं," म्हणाल्या. मीही बघितलं नाही. ओपीडी उरकून साडेतीनला संशोधन कार्यालयात गेले. तिथल्या कारकूनबाईंनी पान स्कॅनरवर ठेवलं आणि परत उचललं.

"मॅडम, हे नाही चालणार."

शेरा सुरेख होता. 'मला सगळे समजले. हे काम झाले पाहिजे.' त्याच्या वर एक छोटा रकाना होता, अर्जदाराशी नातं. त्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मैत्रीण, चार वर्षे.

"अर्ज छाननीतच बाद होईल," कारकूनबाई म्हणाल्या. "खोडून दुसरं लिहून घ्या, बाजूला परत सही घ्या. पाचच्या आत आणा."

मी पान घेऊन निघाले. धावायला हवं होतं, पण मी सावकाश चालत होते. मैत्रीण. किती वर्षांनी कुणी मला हे म्हटलं होतं, आणि तेही लेखी. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. मावशी, हे वाचून मला काय वाटलं सांगू का. मावशी, हे फक्त कागदापुरतं, तुम्ही खरंच माझ्या... मावशी, रागावू नका.

दुकानात गेले तेव्हा सव्वाचार झाले होते. इस्त्रीची वाफ निघत होती, समोर दोन गिऱ्हाइकं उभी. मी पान काउंटरवर ठेवलं.

"काय गं, चुकलं का काही?"

"हा रकाना. मैत्रीण चालत नाही. खोडून द्या, बाजूला परत सही करा."

त्यांनी पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग काय लिहू?"

घड्याळ त्यांच्या डोक्यावरच होतं.

"गिऱ्हाईक लिहा," मी म्हणाले. "लवकर, मावशी, घाई आहे."

त्यांनी फूटपट्टी घेतली. शब्दावर सरळ रेघ मारली, वर लिहिलं, सही केली. मी पान ओढून घेतलं आणि पळाले. ठरवलेल्या वाक्यांतलं एकही बोलले नाही. अर्ज चार छप्पन्नला गेला.

नंतरचे आठवडे ॲप्रन ठेवायला आणि न्यायला मी नेमकी गर्दीच्या वेळी जायची. बोलायला नको म्हणूनच, हे आता कबूल करायला हरकत नाही. मावशीही कामात असायच्या. स्टूल आत भिंतीला लावलेलं दिसायचं.

तीन महिन्यांनी निकाल आला. निधी मिळाला. परीक्षकांनी खास लिहिलं होतं की साध्या भाषेतला सारांश इतर अर्जदारांना नमुना म्हणून दाखवावा असा आहे. मोठ्या सरांनी परत चहा पाजला, तो या वेळी नुसताच चहा होता. मी तिसरा कप्पा उघडून बाटल्या बघितल्या, बंद केला. आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं बाई, आता जरा झोप." मग सांगायला आणखी कुणी उरलं नाही, म्हणजे एकच उरलं.

विभागातून मिळालेला नवा ॲप्रन घेऊन मी खाली गेले. दुकानात कुणी नव्हतं.

"मावशी, निधी मिळाला! तुमच्या सारांशाची तारीफ केलीय त्यांनी."

"अरे वा," मावशी म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता, ते डोळ्यांत दिसलं. "म्हणजे पोरांचं काम होणार. छान झालं हो, डॉक्टर."

'डॉक्टर' त्या मला पहिल्यांदाच म्हणाल्या. मी काउंटरवर हात टेकले.

"मावशी, त्या दिवशीचं ते फक्त नियमासाठी होतं."

"कळलं की मला. नियम पानावरच छापला होता. मला वाचता येतं."

"मग तरी तुम्ही?"

"सहीच्या वर लिहिलं होतं ना, वरील माहिती खरी आहे म्हणून." त्यांनी ॲप्रन हातात घेऊन उलटसुलट केला. "त्या दिवशी दोनदा सही केली मी. खोटी एकदाही नाही केली."

मी म्हणाले, "याच्या खिशाला ती पट्टी शिवाल? टॉर्च पडते."

"शिवते की." त्यांनी ड्रॉवर उघडला. बिस्किटांचा डबा बाजूला सारून पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला. ॲप्रन एक, पट्टी शिवणे, असं वळणदार अक्षरात लिहिलं, फूटपट्टी लावून कागद फाडला आणि माझ्यापुढे ठेवला.

"गुरुवारी या. येताना पावती आणा."