मुनीराची मरळ

बहरीनमध्ये तुबलीच्या गॅरेजात डेंटिंगचं काम करणाऱ्या नुमानने मनामाच्या बाजारातून मासे पकडायचा एक हलका रॉड आणि पोटात गळ लपवलेला रबरी बेडूक घेऊन गावी पाठवला होता. माणगावजवळच्या त्यांच्या तळ्यात मोठ्या मरळी होत्या. लीव्ह मिळाली की त्या आपणच काढायच्या, असा त्याचा बेत होता. पण लीव्ह पुढे ढकलली गेली. तिकडे त्याच्या बायकोने, मुनीराने, सहज म्हणून रॉड हातात घेतला आणि तिला नादच लागला.

"बेडूक शेवाळावरून ओढत आणला की मरळ झडप घालते, पण सुटते हो," एका शुक्रवारी ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "माझं काय चुकतं?"

नुमानच्या पोटात दुखलं. रॉड आपला, तळं आपलं, आणि मजा हिची! "झडप पडली की लगेच हिसका दे," तो म्हणाला. खरं तर मरळीला बेडूक नीट तोंडात घेऊ द्यावा लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या शुक्रवारी मुनीराने हातभर मरळ कॅमेऱ्यासमोर धरली. "इतकी दचकले की हिसका द्यायचाच विसरले!" ती खुदखुदत होती.

नुमानला हसू येईना. "मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं," तो अखेर म्हणाला. "जळलो मी तुझ्यावर."

मुनीराने मरळ बादलीत सोडली. मग ओढणीला हात पुसत म्हणाली, "आता खरं सांगा."

त्याने सगळं सांगितलं. पण सांगतानाही त्याची नजर बादलीवरून हटत नव्हती.