घंटीचं बटण

...तो शेवटचा स्क्रू, तांदळाच्या कणीएवढा, वाटीत पडताना एवढा वाजला की प्रमिलानं श्वासच धरला आणि मधल्या दाराकडे पाहिलं. खाटेची कुरकुर नाही. ह्यांचं घोरणं चालू होतं, ते जरासं अडखळलं, आणि मग पुन्हा त्याच चालीत वाहू लागलं. तिनं श्वास सोडला. वाटीत आता सगळे स्क्रू होते, आणि मांडीपुढच्या पाटावर तो रिमोट, दोन शिंपल्यांसारखा उघडा. व्हिडिओ गेमच्या यंत्राचा रिमोट... छगननं, तिच्या भावानं, सुरतेहून पाठवलेला. ‘ताई, दाजींच्या हाताला चाळा होईल,’ असा निरोप आणणाऱ्याजवळ देऊन.

चाळा झालाच नव्हता. आषाढात रुपचंदरावांना, तिच्या नवऱ्याला, झटका आला तो डोक्यात की उजव्या अंगात, हे तिला अजून नीट कळलेलं नव्हतं. एवढंच कळत होतं की धुळ्याच्या कोर्टात उभा जन्म टाइपरायटरवर पळालेली ती पाच बोटं आता उशीवर ठेवली तर उशीवर, मांडीवर ठेवली तर मांडीवर राहतात. डाव्या अंगठ्यानं ते पडद्यावरचं विमान इकडून तिकडे न्यायचे, छान न्यायचे. पण गोळी झाडायचं बटण उजवीकडे. विमान नुसतं फिरायचं, समोरून येईल त्याच्यावर आपटायचं, आणि पडदा काळा. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी रिमोट भिंतीवर फेकला होता. डाव्या हातानं. नेम चुकला नव्हता.

आणि जळगावचे डॉक्टर म्हणाले होते, “खांदा जिवंत आहे, बाई. खांद्याच्या जोरावर तळवा खाली दाबला जातोय, बघा. तेवढं त्यांच्याकडून करवून घ्या, रोज, कंटाळा येईस्तोवर. थंडी संपेपर्यंत जे परत येईल ते आपलं. पुढं हात आहे तसाच राहील.”

तळव्यानं दाबायचं. त्या इवल्याशा बटणाला तळवा कसा पुरणार, म्हणूनच दारावरच्या घंटीचं हे बटण, मोठं, पांढरं, पाटावर स्क्रूनं बसवलेलं. रिमोटच्या आतल्या बटणापासून दोन वायरी काढायच्या आणि इथं जोडायच्या. तळवा पडला की गोळी सुटणार. कल्पना तिचीच होती. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बन्सीलालला सांगितली तेव्हा तो काउंटरमागे टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसला होता, ते त्यानं बाहेर काढलं.

“वहिनी, ठेवून जा. संध्याकाळी देतो करून.”

“नाही बन्सीभाऊ. मला शिकवा. मीच करीन.”

“तुम्ही?” त्यानं दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे पाहिलं. “घ्या! आता आमच्या पोटावर पाय.”

पण शिकवलं त्यानं. मोडक्या रेडिओचा एक तुकडा पुढे टाकून, वितळलेल्या कथलाचा डाग कसा द्यायचा ते तिच्याकडून करवून घेतलं. आणि बोलत राहिला, त्याची सवय तशी. त्याचं बोलणं तिनं मंत्रासारखं पाठ केलं होतं. आत्ताही ओठांत तेच चालू होतं. पहिलं म्हणजे भिंतीतून अडॅप्टर काढायचा. नुसता खटका बंद करून भागत नाही, बंद केलं म्हणजे मेलं असं नाही, वहिनी. काढल्यावर यंत्राचं बटण एकदा दाबायचं, आत राहिलेली वीज निघून जाते. मग रिमोट यंत्रापासून सोडवायचा, आणि तो एकटाच उघडायचा. टीव्हीच्या मागचं झाकण मात्र... त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, तिथं वीज मुक्कामाला असते. काहीही तोडायचं नाही. जुन्याला जोडायचं. जुनं शाबूत असलं की चुकलं तरी माघारी येता येतं.

जुन्याला जोडायचं.

मग हे मी का करते आहे? बन्सीभाऊकडे ठेवून आले असते तर परवाच संध्याकाळी... पण तिला ठाऊक होतं. देवापुढच्या वाती ती विकतच्या आणत नव्हती, स्वतः वळायची. सोमवार, चतुर्थी, आणि आता मार्गशीर्षातले हे गुरुवार, सगळे उपास तिच्याच पोटानं धरायचे. ह्यांच्या हातासाठी जे करायचं ते दुसऱ्याच्या हातून कसं करायचं? सकाळी घट मांडला, लक्ष्मीला फूल वाहिलं, रोजचं मागणं मागितलं — आई, ह्यांचा हात फिरू दे — आणि ठरवलं की हेही आजच, पूजेच्या अंगानंच, सोवळ्यातच. म्हणून तर पूजेचं रेशमी पातळ बदललं नव्हतं. लोकरीच्या आसनावरून उठलीही नव्हती फारशी. तेच आसन इथं खिडकीखाली ओढून आणलं होतं. मोरीतल्या नळाला हात लावून आली होती, बन्सीभाऊनं सांगितल्याप्रमाणे. खिडकी उघडी होती. बाहेर देवपुरातली दुपार, कोरडी, फटफटीत, ओठ तडकवणारी.

आतली हिरवी पट्टी केवढीशी. तिच्यावर रबरी बटणांखालचे काळे चट्टे, आणि मधोमध एक काळा थेंब, वाळलेल्या डांबरासारखा. “ही टिकली म्हणजे ह्याचा जीव,” बन्सीलाल म्हणाला होता. “बाकी सगळं मिळतं बाजारात, ही मिळत नाही. ही गेली की विमान ना डावीकडं जाणार ना उजवीकडं.”

तिनं जुन्या ब्लेडनं, चट्ट्याकडे जाणाऱ्या बारीक रेघेवरचा हिरवा लेप खरवडला. काळ्या चट्ट्यावर डाग धरत नाही, रेघेवर धरतो. लेपाखालून तांबं निघालं पाहिजे. हलक्या हातानं, मुलाच्या डोक्यावरची खपली काढावी तसं... आणि निघालं. नव्या भांड्यासारखं लालसर, केसाएवढं. तिला एकदम हसू आलं. तीस वर्षं ह्या घरात टाइपरायटर होता आणि तिनं त्याच्यावरची धूळही पुसायची नव्हती. ‘तुझ्या हाताला तेल असतं,’ असं म्हणून ते स्वतः पुसायचे, पिवळ्या फडक्यानं, एकेक अक्षर.

सोल्डरिंग आयर्न तापलं होतं. विटेच्या तुकड्यावर ठेवलेलं, कुठंही टेकू न देता. तिनं त्याचं टोक ओल्या स्पंजावर पुसलं, चर्र झालं. किती वेळ टेकवायचं विचारल्यावर बन्सीलाल म्हणाला होता, “फार नाही, पट्टी जळते. एकदा श्रीराम म्हणा, आणि उचला.” तिनं वायर टेकवली. कथलाची तार टेकवली. श्रीराम. धूर वर चढला, राळेचा, सरळ देवघरासारखा, आणि तांब्यावर एक चकचकीत थेंब बसला. बसला! तिनं फुंकर घातली नाही. आपोआप निवू द्यायचं.

“वं प्रमिलाबाई!”

आयर्न हातातून सुटता सुटता राहिलं. खिडकीबाहेर शेजारच्या सुंदरबाई, डोक्यावर पदर, नाक वर.

“काय जळी ऱ्हायनं वं तुना घरमा?”

ती झटकन उठली, खिडकी अडवून उभी राहिली, बोट ओठांवर. “हळू अक्का. ते झोपलेत. काही नाही, धूप घातलाय. गुरुवार ना आज.”

“धूपना वास असा नही येस.”

“नवीन आणलाय.”

“फशाडं तुले दुकानदारनी. कुत्राबी जवळ येवाव नही असा वास शे.” सुंदरबाई खुदखुदल्या, मग आवाज उतरवून म्हणाल्या, “कशा शेतस भाऊ?”

“आहेत तसेच.”

“व्हई, बठ्ठं नीट व्हई. तुना उपास वाया जाव नही.” आणि गेल्या.

उपासाच्या दिवशी खोटं बोलले. धूप म्हणाले. तिनं गालावर बोटं टेकवली, पुन्हा आसनावर सरकून बसली, रेशीम लोकरीवरून सरसरलं — आणि पट्टी उलटी करायला तिनं हात पुढे केला.

चट्.

अगदी बारीक. मुंगी चावावी तसं, तर्जनीच्या टोकाला. तिनं हात मागे घेतला, बोट पाहिलं, काही नव्हतं. बोट कुठं टेकलं होतं, पट्टीच्या कडेला की... ती टिकलीकडे बघत राहिली. टिकली होती तशीच होती. काळी, गप्प.

दुसरा डागही बसला. पहिल्यापेक्षा देखणा. सेल आणि छोटा बल्ब लावून तिनं दोन्ही वायरी तपासल्या, सांगितल्याप्रमाणे. घंटीचं बटण दाबलं की बल्ब पेटायचा, सोडलं की विझायचा. सगळं बरोबर. आयर्नची पिन काढली. झाकण मिटवलं, वायरींसाठी कडेला खाच ठेवून, स्क्रू बसवले. हात धुतले, साबण लावून, कारण कथलात शिसं असतं आणि त्या हातानं कुणाच्या तोंडात घास द्यायचा नसतो. हात पुसताना पदर ओढला तर तो अंगाला चिकटून आला, बारीक तडतडत, आणि दंडावरची लव उभी राहिली.

तेव्हा बन्सीलालचं उरलेलं बोलणं आठवलं. आठवलं असं तरी कसं म्हणायचं... ते विसरलंच नव्हतं. “सुती नेसा, वहिनी. लोकर नको, रेशीम नको. थंडीत आपल्याकडची हवा कोरडी, अंगातच वीज साठते. तुम्हाला नुसता चिमटा बसेल, पण टिकलीचा जीव जाईल. आणि वरून काही दिसणार नाही.” आणि मी हसून म्हणाले होते, “मी काय लग्नाला चाललेय का बन्सीभाऊ, रेशीम नेसून?” तोही हसला होता. गिऱ्हाईकही.

स्वतःच्या तोंडानं बोलले होते मी हे. परवा. बाकी सगळं पाठ, अंगातली वीज उतरवायला नळाला हात लावायचं पाठ, श्रीराम पाठ, आणि एवढंच...

सोवळं म्हणून नेसले. देवाचं काम म्हणून. दुसरं काय?

ती मोरीच्या दारात उभी राहिली. आतून घोरणं थांबलं होतं. आता चमचा वाजेल, खाटेच्या लोखंडी दांडीवर. तहान, मग चहा. ते आता मागतात, आणि मी देते. ते जे देईन ते खातात. ह्या विचारापाशी ती नेहमी यायची आणि नेहमी वळसा घालून जायची, आज मात्र पाय हलेना. ताट. लग्न झाल्यापासून ताट वाढलं की ते आधी भाजीकडे बघायचे, आणि मनासारखी नसली तर काही बोलायचे नाहीत. उजव्या हाताची पाठ लावून ताट पुढे सरकवायचे, हळू, वीतभर, पाणीसुद्धा सांडणार नाही असं. मग ती उठायची आणि दुसरं काही करायची. त्यांनी कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. लोक म्हणायचे, देवमाणूस. नुसतं ताट वीतभर सरकायचं. आषाढापासून ते सरकलं नाही. ती घास करून भरवते, कधी वांग्याचं भरीत, कधी मुगाची खिचडी, तिला वाटेल ते, आणि तोंड उघडतं. परवा पहिल्यांदा तिनं तिच्या आवडीची मेथी केली होती, लसूण जास्त घालून. आणि जेवताना, त्यांना भरवून झाल्यावर, एकटी बसून जेवताना, तिला बरं वाटलं होतं.

आई, ह्यांचा हात फिरू दे. आषाढापासून रोज. एकही दिवस चुकला नाही. मागणारे ओठ कुणाचे होते, आणि आज सकाळी पातळ न बदलणारे हात कुणाचे?

नाही. असं नसतं. बाई, तू उपाशी आहेस, म्हणून काहीतरी सुचतंय...

टण्. टण्.

“आले!”

तिनं रेशीम सोडलं. घाईघाईत, मोरीतच, दांडीवरचं सुती लुगडं गुंडाळलं. आता त्याचा उपयोग काय, हे कळत असून. नळाला हात लावला, तळवा सबंध टेकवून, जरा जास्तच वेळ. मग रिमोट आणि पाट घेऊन आत गेली.

रुपचंदराव उशीला टेकून बसले होते. तोंड डावीकडे ओढलेलं. डोळे मात्र तेच, कागदावरची एक चूक दारातूनच दिसणारे.

“का...य?”

“बघा तर.” तिनं पाट त्यांच्या मांडीवर ठेवला, उजवा तळवा उचलला. जड आणि कोमट, माहेरी वासराचं तोंड हातात घ्यावं तसा. घंटीच्या बटणावर ठेवला. रिमोट डाव्या हातात दिला. त्यांनी वायरींकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत; मग झाकणाच्या कडेची खाच, मग बटण.

“बन्...सी?”

“नाही.” तिनं बटणावरचा तळवा नीट केला. “मी.”

ते बघत राहिले. तेलाचे हात, ती मनात म्हणाली. पण त्यांनी मान खाली घातली आणि खांदा हलवला. सगळं अंग तिकडे झुकलं, कपाळावर शीर उठली, आणि यंत्र चालू नसतानाच तळव्याखालचं पांढरं बटण आत गेलं. कट् झालं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा कट्. त्यांच्या तोंडाच्या शाबूत कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि ते तिच्याकडे बघायला लागले — लाव म्हणून.

तिनं टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या उसळल्या. रिमोटची वायर यंत्राला जोडली, अडॅप्टर भिंतीत खोचला. आता फक्त भिंतीवरचा खटका.

बोट खटक्यावर होतं. विमान हललं तर हा हात चालेल. आज बटण, मग चमचा, मग एखाद्या दिवशी हाताची पाठ, ताट, वीतभर. नाही हललं तर डावा अंगठाही रिकामा, आणि ते पुन्हा तोंड उघडतील, आणि मी सांगेन, धूप चांगला निघाला नाही अक्का... टिकलीचा जीव आहे की गेला, हे टिकलीवरून दिसत नाही. खटका दाबेपर्यंत दोन्ही खरं. सवयीनं तिनं डोळे मिटले, सवयीनं ओठ उघडले. आई, ह्यांचा... आणि पुढचा शब्द येईना. वाट पाहिली, तरी येईना. आषाढापासून कधी अडलं नव्हतं ते मागणं जिथं अडलं तिथं कसलीशी रिकामी जागा होती, सारवून ठेवलेली, अजून घट न मांडलेली. तिथं उभं राहून तिला पहिल्यांदाच भीती वाटली, देवीची नाही, ह्यांचीही नाही.

“लाव,” मागून आवाज आला. अख्खा शब्द. न अडखळता.

तिनं डोळे उघडले. काही न मागता, उघड्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच आता तिच्या हातात होतं. तिनं खटका दाबला.